लायसन्स मिळालं, पण उड्या वर्षातून दोनदाच: पुण्यातल्या नवीन स्कायडायव्हरने काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

ए लायसन्स (स्कायडायव्हिंगचा पहिला परवाना) घेऊन पुण्यात परत आलेली पोरं भेटली की त्यांचे प्रश्न ठरलेले असतात, छोटी कॅनपी (डोक्यावर उघडणारं पॅराशूट) कधी मिळेल, हेल्मेटवर कॅमेरा कधी लावू. सात महिने उडी मारली नाहीये तर पहिल्या दिवशी नेमकं काय करू, हे मला आजपर्यंत फार कमी जणांनी विचारलंय, आणि खरा धोका तिथेच आहे. आपण सुट्टी काढून थायलंड, दुबई नाहीतर स्पेनला जातो, दोन-तीन आठवड्यांत २५ उड्या पूर्ण करतो आणि मग परत हिंजवडी नाहीतर खराडी, पुढची ट्रिप थेट दिवाळीला. तिथली लोकल माणसं दर शनिवार-रविवारी उडी मारतात त्यामुळे त्यांचे हात चालू राहतात, आपले गंजतात. आणि वर चार दिवसांचीच रजा, तिकिटाला एवढे पैसे घातलेत, मग वारा असो नाहीतर झोप झालेली नसो, उडी मारायचीच असं डोक्यात बसतं.

खाली दिलेले उंचीचे आकडे यूएसपीए या अमेरिकन संघटनेच्या नियमांतले आहेत, तिचं लायसन्स बऱ्याच देशांत चालतं. तुमच्या ड्रॉपझोनचा (जिथे उड्या होतात त्या जागेचा) नियम यापेक्षा कडक असेल तर त्यांचाच पाळायचा.

१. तिकीट काढायच्या आधी

आधी लॉगबुक उघडा आणि शेवटच्या उडीची तारीख बघा. ए लायसन्सवाल्याला ६० दिवसांपेक्षा जास्त गॅप पडला की निदान एक उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली मारावी असं यूएसपीए सांगते, बी लायसन्सला (पुढच्या पायरीला) हीच मुदत ९० दिवस आहे. म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळेच यात येतात. ड्रॉपझोनला मेल करताना ही तारीख, एकूण उड्या, शेवटची कॅनपी किती स्क्वेअर फुटांची होती आणि तुमचं वजन, चारही गोष्टी स्वतःहून लिहा. वजन आजचं लिहा, दोन वर्षांपूर्वीचं नको.

रजा मोजताना एक दिवस झोपेचा धरा. रात्रीचं विमान पकडून सकाळी उतरायचं आणि दुपारी लोडवर (उडीच्या विमानाच्या फेरीत) नाव लावायचं, असं करू नका. अजून एक दिवस खराब हवामानाला सोडा. चार दिवसांच्या रजेत दोनच दिवस उड्या होणार, हे पुण्यातच मान्य करून निघालात तर तिथे जिवाची घालमेल होत नाही.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना पॉलिसीत काय वगळलंय तो भाग वाचा. साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेलेच असतात, स्कायडायव्हिंग कव्हर आहे असं लेखी मिळालं तरच पैसे भरा. आणि त्याच ट्रिपमध्ये स्कूबाही करायचं असेल तर उड्या आधी, डायव्हिंग शेवटी. डायव्हिंगनंतर निदान २४ तास विमानात चढायचं नाही, त्यात उडीचं विमानही आलं.

२. निघण्याआधीचे सहा आठवडे, घरी

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि याला खर्च शून्य आहे.

पहिलं काम इमर्जन्सीचा सराव. ज्या रिगवर (पाठीवरच्या पॅराशूटच्या बॅगेवर) उडी मारणार तिचा समोरून काढलेला फोटो ड्रॉपझोनकडून मागवा. कॉलेजची जुनी सॅक घाला, पट्टे घट्ट करा आणि फोटोत दिसतं अगदी त्याच उंचीवर उजवीकडे लाल कापडाची पट्टी आणि डावीकडे दुसऱ्या रंगाची पट्टी वेल्क्रोने चिकटवा. उजवीकडचं कटअवे, म्हणजे बिघडलेली मुख्य कॅनपी सोडून द्यायचं हँडल, डावीकडचं रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट उघडायचं. आता रोज दहा वेळा: कंबर पुढे काढून आर्च, लाल हँडलकडे बघा, पकडा, रिझर्व्हकडे बघा, पकडा, लाल ओढा, मग रिझर्व्ह ओढा. दोन्ही हात एकाच हँडलवर ठेवायचे की एकेक, हे तुमच्या शाळेने शिकवलं असेल तसंच करा, व्हिडिओ बघून दोन पद्धतींची खिचडी करू नका. ओढताना तोंडाने मोठ्याने बोला. घरचे बघतात म्हणून लाज वाटली तर गच्चीवर जा, पण बोला.

सावधान: पट्ट्या दोन-तीन इंच जरी चुकीच्या जागी लावल्या तर हाताला चुकीची जागा पाठ होते. फोटो नसेल तर हा सराव नुसता डोळे मिटून मनात करा, ते परवडलं.

त्याच सरावात रोज एक वेगळा प्रसंग घ्या. पायलट च्यूटचं (मुख्य कॅनपी बाहेर खेचणाऱ्या छोट्या पॅराशूटचं) हँडल सापडत नाहीये (दोनदाच प्रयत्न, मग सरळ रिझर्व्ह), कॅनपी उघडली पण जोरात गोल फिरतेय, ओळींना (कॅनपीच्या दोऱ्यांना) पीळ बसलाय, स्लायडर (उघडताना दोऱ्यांवरून खाली सरकणारं कापड) वरच अडकलाय. प्रत्येकाला उत्तर दोन सेकंदांत यायला हवं. विचार करावा लागला तर ते अजून पाठ नाही.

दुसरं काम पीएलएफ, म्हणजे पडायची पद्धत. पाय आणि गुडघे घट्ट जुळवलेले, गुडघे थोडे वाकलेले, हनुवटी छातीशी, मग तळपाय, पोटरी, मांडी, कुल्ला आणि विरुद्ध बाजूची पाठ या क्रमाने लोळायचं. आधी गादीवर, मग गवतावर, मग फूटभर उंच ओट्यावरून. दोन्ही बाजूंनी. हात मागे टेकायची सवय असेल तर ती इथेच मोडा, मनगटं त्यानेच जातात.

तिसरं काम वारा वाचणं, आणि यासाठी पुणं फार छान गाव आहे. संध्याकाळी खडकवासल्याच्या पाण्याकडे बघत बसा. काठालगत पाण्याचा एक शांत, काचेसारखा पट्टा दिसतो आणि पुढे लाटा सुरू होतात, तो शांत काठ ज्या बाजूला वारा त्या बाजूने येतोय. ड्रॉपझोनजवळ एखादं तळं असेल तर वरून हेच दिसतं, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) दिसायच्या कितीतरी आधी. वेताळ टेकडीवर जाऊन घारी कुठे गोल फिरत वर चढतायत ते बघा, तिथे गरम हवा वर जातेय, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी तुमची कॅनपी अशाच हवेत हेलकावे खाणार असते. झाडांच्या रांगेमागे किंवा बिल्डिंगमागे वारा गढूळ होतो, हा गढूळ पट्टा उंचीच्या दहा ते वीस पट लांब जाऊ शकतो. म्हणजे दहा मीटर उंच झाडांमागे शंभर ते दोनशे मीटर. रोजच्या रस्त्यावर ही मोजणी करत राहा, सवय होते.

कामशेतला पॅराग्लायडिंगचा कोर्स केला तर याचा उपयोग होतो का, हे बरेच जण विचारतात. वारा समजायला खूप होतो. पण ते पंख वेगळे, त्यांचा फ्लेअर (उतरताना ब्रेक ओढून वेग मोडणं) वेगळा आणि त्यात कटअवे नसतं, त्यामुळे ती हातांची सवय जशीच्या तशी कॅनपीवर आणायची नाही.

फिटनेसबद्दल एवढंच, मान, खांदे आणि पाय. पर्वतीच्या पायऱ्या आठवड्यातून तीनदा, बास.

३. कॅनपी ठरवणं

हे गणित घरीच करून जा, काउंटरवर उभं राहून नको. तुमचं वजन अधिक रिगचं आणि कपड्यांचं वजन पाउंडात, भागिले कॅनपीचे स्क्वेअर फूट, याला विंग लोडिंग म्हणतात. समजा तुम्ही ७० किलो आणि सामान १२ किलो, एकूण ८२ किलो म्हणजे साधारण १८१ पाउंड. २३० च्या कॅनपीवर ०.७९ येतं, १९० वर ०.९५ आणि १७० वर १.०६. नवीन माणसाने १.० च्या आत राहायचं, आणि मोठ्या गॅपनंतर मी तर म्हणेन मागच्या ट्रिपपेक्षा एक साइज मोठीच घ्या.

नेहमीची चूक ही की "मागच्या वेळी १९० वर मस्त उतरलो होतो" म्हणून या वेळी १७० मागायची. मागच्या वेळी तुम्ही मस्त उतरलात ते विसाव्या उडीला, सलग दहा दिवस उडी मारल्यावर. आज तुम्ही तो माणूस नाही आहात. छोटी कॅनपी नुसती वेगात जात नाही, चुकीच्या हाताला उत्तरही लवकर देते, आणि वळताना उंची जास्त खाते.

४. ड्रॉपझोनवर पहिला दिवस, विमानाआधी

क्रम असा ठेवा. आधी जागेचा वरून काढलेला फोटो बघा, उतरायची जागा, पर्यायी दोन जागा, विजेच्या तारा, पाणी, रस्ता, धावपट्टी बोटाने दाखवून इन्स्ट्रक्टरला सांगा. मग उतरायची दिशा कोण ठरवतं ते विचारा, पहिला उतरणारा, बाण की विंडसॉक. मग रिग.

अल्टीमीटरचं (उंची दाखवणाऱ्या मीटरचं) एक नीट समजून घ्या कारण यात पुणेकर हमखास गोंधळतात. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, म्हणजे १,८०० फुटांच्या वर आहे. समुद्राकाठी शून्य केलेलं मीटर पुण्याएवढ्या उंच पठारावरच्या ड्रॉपझोनला तसंच नेलं तर जमिनीवर उभं असतानाच ते १,८०० दाखवेल, आणि आकाशात ४,५०० दिसेल तेव्हा खरी उंची २,७०० असेल. म्हणून शून्य फक्त त्या दिवशी, त्या ड्रॉपझोनच्या जमिनीवर.

एएडी म्हणजे वेळेत काहीच केलं नाही तर रिझर्व्ह उघडणारं यंत्र, त्यालाही हेच लागू. हॉटेलवर चालू करून गाडीने आणायचं नाही, जिथून विमान उडणार तिथेच चालू करायचं, आणि मधे रिग घेऊन बाहेर जाऊन आलात तर बंद करून परत चालू करायचं. सायप्रेस (एएडीचा एक ब्रँड) १४ तासांनी आपोआप बंद होतं, त्यामुळे काल चालू केलं होतं यावर आज विसंबू नका.

तपासा, रिग अंगावर चढवायच्या आधी: रिझर्व्हच्या कार्डावरची तारीख (अमेरिकेत १८० दिवसांची मुदत आहे, इतर देशांत वेगळी असते, विचारा), रिझर्व्हची पिन, मेनची (मुख्य कॅनपीची) पिन, पायलट च्यूट कॉक केलेला (उघडायला तयार) आहे का, ब्रायडलचा (पायलट च्यूट कॅनपीला जोडणाऱ्या पट्टीचा) मार्ग, तीन रिंगांची (मेन सोडून देणारी) रचना दोन्ही खांद्यांवर, आरएसएल (कटअवे केल्यावर रिझर्व्ह उघडणारा पट्टा) जोडलेला, दोन्ही हँडल जागेवर. मग अंगावर घालून छातीचा पट्टा आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे. मग दुसऱ्या माणसाला दाखवा. भाड्याची रिग आहे म्हणजे त्यांनी बघितलीच असेल, असं धरू नका.

इथे थांबा: जमिनीवर वारा ताशी २२ किलोमीटरच्या वर असेल तर विद्यार्थ्यांच्या उड्या थांबतात. लायसन्सवाल्यांना अशी एक ठरलेली मर्यादा नाही, म्हणून स्वतःची ठरवा, कागदावर लिहा आणि ती पुण्यातून निघतानाच लिहा. मी पहिल्या शंभर उड्यांपर्यंत विद्यार्थ्यांचीच मर्यादा पाळली.

५. गॅपनंतरची पहिली उडी

माझ्या बाबतीत घडलेलं सांगते. सात महिन्यांचा गॅप होता, रिफ्रेशर मी उरकल्यासारखा केला, अर्धं लक्ष मॅनिफेस्टच्या (कोण कुठल्या लोडवर त्या यादीच्या) बोर्डाकडे. कॅनपी उघडली, ओळींना तीन पीळ. रायझर (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंतचे पट्टे) बाजूला ओढून पाय मारायचे हे माहीत होतं तरी माझे हात आधी टॉगलकडे (कॅनपी वळवायच्या हँडलकडे) गेले, मग रायझरकडे, मग परत वर. पीळ सुटला, पण मीटर बघितलं तर २,१०० फूट. निर्णयाची उंची, म्हणजे कटअवे करायचा की नाही ते ठरवायची शेवटची उंची, २,५०० होती आणि ती कधी गेली ते मला कळलंच नव्हतं. काही लागलं नाही. पण त्या दिवशी परत विमानात चढले नाही, आणि वर लिहिलेला सॅकचा सराव तेव्हापासून सुरू झाला.

तर पहिल्या उडीत फक्त हे: इन्स्ट्रक्टर किंवा कोचबरोबर, स्थिर एक्झिट, दर पाच सेकंदांनी मीटर, दोन-तीन खोटे पुल म्हणजे हात पायलट च्यूटपर्यंत नेऊन परत, आणि ४,५०० ला वेव्ह करून (हात हलवून इशारा देऊन) ओपन. मित्रांबरोबर टू-वे (दोघांची एकत्र उडी) नाही, नवीन सूट नाही, कॅमेरा तर अजिबात नाही (कॅमेऱ्यासाठी शिफारस २०० उड्यांची आणि सी लायसन्सची आहे). ही उडी चांगली झाली नाही असं मनात आलं तर दुसरीही अशीच मारा.

६. विमानाच्या दारापासून कॅनपी उघडेपर्यंत

विमानात हँडलवर हात ठेवून बसा, दुसऱ्याच्या गुडघ्यात तुमचा पिनचा फ्लॅप अडकू देऊ नका. दार उघडायच्या आधी पिन परत एकदा कोणाकडून तरी बघून घ्या.

दोन ग्रुपमध्ये किती सेकंद थांबायचं हे वरच्या वाऱ्यावर ठरतं, वरचा वारा जोरात असेल तेव्हा विमान जमिनीवरून हळू सरकतं म्हणून जास्त थांबायचं. पुढचा गेला की लगेच मागे उडी, ही नवीन लोकांची चूक आणि त्यात दोन कॅनपी एकमेकांच्या तोंडावर येतात. ट्रॅकिंग (पडता पडता आडवं सरकत लांब जाणं) विमानाच्या मार्गाला काटकोनात, त्याच रेषेत कधीच नाही.

उंच्या तोंडपाठ: ए लायसन्सला पायलट च्यूट ३,००० फुटांच्या वरच सुटलेला हवा, निर्णय २,५०० ला. पोटावर पडताना वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे २,५०० फुटांवर डोक्यावर काहीच उघडलेलं नसेल तर जमीन साधारण १४ सेकंदांवर आहे. म्हणून नवीन माणसाने प्लॅनच ४,००० ते ४,५०० चा करावा. स्थिर नसाल तरी ठरलेल्या उंचीला ओढायचं, स्थिर व्हायची वाट बघत खाली यायचं नाही.

७. कॅनपीखाली

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चांगली उघडलेली, नीट चालणारी कॅनपी डोक्यावर असताना माणसं जमिनीशी गंभीर जखमी होतात, आणि त्यातलं बरंचसं जमिनीजवळ घाईत घेतलेल्या एका वळणाने होतं.

उघडल्याबरोबर बघा: आकार चौकोनी आहे का, स्लायडर खाली आला का, आजूबाजूला कोण आहे. मग टॉगल सोडवा, डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, पूर्ण फ्लेअर करून बघा. टोकाचे सेल (कॅनपीचे कप्पे) बंद असतील किंवा स्लायडर अर्धवट असेल तर टॉगल पंप करा. हे सगळं २,५०० च्या वर संपलं पाहिजे. वळत नाही किंवा फ्लेअर होत नाही तर कटअवे, त्यावर चर्चा नाही. १,००० फुटांखाली कटअवे करायला गेलात तर रिझर्व्ह भरायला जागा उरेलच असं नाही, म्हणून निर्णय वरच संपवायचा.

पॅटर्न (उतरायचा ठरलेला मार्ग): १,००० फुटांवर डाउनविंड (वाऱ्याबरोबर), ६०० ला बेस (वाऱ्याला आडवं), ३०० ला फायनल (वाऱ्याकडे तोंड करून). हे आकडे कमी वाऱ्यासाठी धरा. वारा वाढला की फायनलला पुढे सरकणं कमी होतं, म्हणून बेस उतरायच्या जागेच्या जवळ आणावा लागतो. जमिनीवरच फोटोवर तीन बिंदू ठरवून घ्या आणि उतरल्यावर ते कुठे चुकले ते लिहा.

सावधान: फायनलला आल्यावर कळलं की दिशा चुकली, वारा मागून आहे. तर मागूनच उतरा. पंख सरळ ठेवा, पूर्ण फ्लेअर करा, पीएलएफ करा. वेग जास्त असेल, खरचटेल, कपडे फाटतील, पण १५० फुटांवर वळून वाऱ्याकडे तोंड करायला गेलात तर कॅनपी वळणातच तुम्हाला जमिनीवर आपटते. क्रम कायम हाच: पंख सरळ, समोर मोकळी जागा, फ्लेअर, पीएलएफ. वाऱ्याची दिशा यानंतर येते. आणि लांब उतरलात, चालत यावं लागलं, तर चालत या.

फ्लेअर साधारण १० ते १२ फुटांवर, नजर पायांखाली नको, पुढे तिरकी. लवकर सुरू झाला तर हात परत वर सोडू नका, कॅनपी पुढे झेपावते, आहे तिथेच धरा आणि उरलेलं शेवटी ओढा. एक हात पडताना बाजूला जातो त्याने कॅनपी त्या बाजूला वळते, त्यामुळे दोन्ही हात सारखे.

८. स्किल वाढवणं, कुठल्या क्रमाने

पहिल्या उडीनंतर एक-दोन हॉप अँड पॉप मारा, म्हणजे ५,००० फुटांवरून बाहेर आणि लगेच ओपन. तिकीट स्वस्त आणि कॅनपीवर भरपूर वेळ. ३,००० च्या वर राहून ब्रेक अर्धे ओढून सपाट वळणं शिका, खाली अडथळा आला तर हेच वळण वाचवतं कारण यात उंची कमी जाते. मागच्या रायझरने वळणं, आणि कॅनपी स्टॉल कुठे होते, म्हणजे उडणं सोडून कोसळते, ते कोचने सांगितल्यावर.

मग अचूकता. ए लायसन्सला २० मीटरच्या आत पाच लँडिंग लागली होती, बीला १० मीटरच्या आत दहा लागतात आणि एकूण ५० उड्या, शिवाय कॅनपीचा कोर्स. पण १० मीटर गाठायला शेवटच्या क्षणी वळवळ करू नका, पॅटर्न बदला.

मग टू-वे, आपल्यापेक्षा जास्त अनुभवी माणसाबरोबर. दोघंही ३० उड्यांचे असतील तर नको. टनेलमध्ये (वाऱ्यावर तरंगायच्या बोगद्यात) पैसे घालायचे तर फ्रीफॉलसाठी जरूर घाला, तिथला एक मिनिट म्हणजे एका उडीचा फ्रीफॉल, फक्त एवढं लक्षात असू द्या की टनेल कॅनपीबद्दल काहीच शिकवत नाही आणि फ्रीफॉल छान झाला की माणसाला आपण सगळ्यातच पुढे गेलो असं वाटायला लागतं. विंगसूटला निदान २०० उड्या, तो विषय आत्ता बंद.

९. परत आल्यावर

विमानतळावर किंवा विमानातच लॉगबुक पूर्ण करा, घरी आल्यावर होत नाही. प्रत्येक उडीसाठी कॅनपीची साइज, जमिनीवरचा वारा, कुठे उतरायचं ठरलं होतं आणि कुठे उतरलो. ट्रिपमधला जो एक प्रसंग छातीत धस्स करून गेला तो तपशिलात लिहा, उंचीसकट. मग कॅलेंडरमध्ये शेवटच्या उडीपासून साठावा दिवस टाका आणि सॅक माळ्यावर टाकू नका, दाराजवळ खुंटीला अडकवा.